गाडी आधी उलटी करा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या रविवार पुरवणीत खेळण्यातल्या धातूच्या मोटारींवर अर्धं पान आलं होतं. लहानपणीच्या गाड्या आता कशी गुंतवणूक झाल्या आहेत, असा लेखाचा सूर. या विषयाला मराठी पेपरात अर्धं पान मिळालं याचाच मला आनंद. पण त्यात एक वाक्य होतं, की गाडीच्या तळावर जे साल असतं त्या साली ती बनलेली असते. हे चूक आहे, आणि ही चूक माझ्या भाच्याला ३,२०० रुपयांना पडली. म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, कात्री आपल्या हातात आहेच.

मी भोसरीच्या एमआयडीसीत ३४ वर्षं टूलरूममध्ये काढली. प्रेशर डायकास्टिंगच्या डाय, म्हणजे वितळलेला धातू दाबाने भरायचे पोलादी साचे, बनवणं हे काम. स्कूटरची कव्हरं, कार्ब्युरेटरच्या बॉड्या, कुलपांचे भाग. खेळणं आमच्याकडे कधी आलं नाही, पण खेळण्यातली मोटार आणि कार्ब्युरेटर ही सख्खी चुलत भावंडं. जस्ताचा मिश्रधातू वितळवायचा, दाबाने पोलादी डायमध्ये मारायचा, डाय उघडली की इजेक्टर पिना जॉब, म्हणजे ओतलेला भाग, बाहेर ढकलतात, मग कडा साफ करायच्या. त्यामुळे अशी गाडी हातात आली की माझं लक्ष रंगाकडे जात नाही. मी ती उलटी करतो. तळ हा गाडीचा सातबारा.

भाचा आपला लेख वाचून पुढच्याच आठवड्यात एका प्रदर्शनात गेला आणि तिथल्या स्टॉलवरून हॉट व्हील्सची एक लाल गाडी घेऊन आला. "मामा, १९६९ ची आहे. बघा, साल कोरलंय." मी चष्मा चढवला, टूलरूमच्या दिवसांतलं दहा पटीचं भिंग काढलं. साल होतंच, खणखणीत. त्याच्या आधी वर्तुळातला सी, पुढे हॉट व्हील्स बनवणाऱ्या मॅटेल कंपनीचं नाव. आणि खालच्या ओळीत 'मलेशिया'.

तो वर्तुळातला सी हाच सगळा घोळ. ते साल आराखड्यावरच्या हक्काचं, म्हणजे कॉपीराइटचं असतं, गाडीचं नव्हे. गाडीवर उठून दिसणारं अक्षर डायमध्ये खोल कोरलेलं असतं. ते बदलायचं म्हणजे वेल्डिंगने भरा, घासा, पॉलिश करा आणि पुन्हा उलट्या अक्षरात कोरा. एवढा खटाटोप कोण करेल? आणि डाय दोन वर्षांत मोडीत निघते असंही नाही. अ‍ॅल्युमिनियमचा रस साडेसहाशे अंशांच्या आसपास मारावा लागतो, त्या उष्णतेने डायला लाखभर शॉटनंतर (एकदा रस मारला की एक शॉट) बारीक चिरा पडायला लागतात. जस्त चारशेच्या आसपास वाहतं. नीट ठेवली तर जस्ताची डाय दहा लाख शॉटसुद्धा काढते. म्हणजे एकदा कोरलेलं साल वर्षानुवर्षं छापून येत राहतं.

भाच्याच्या गाडीवर 'मलेशिया' या अक्षरांभोवती केसाएवढी बारीक चौकट होती, आणि चौकटीतली पातळी बाकीच्या तळापेक्षा किंचित वर. नख फिरवलं की कळत होतं. आमच्या भाषेत हा इन्सर्ट. उत्पादन दुसऱ्या देशात हललं की देशाच्या नावाचा तेवढा तुकडा बदलायचा, सालाला हात लावायचा नाही. हॉट व्हील्सच्या पहिल्या १६ गाड्या १९६८ साली आल्या. त्या काळातल्या गाड्या अमेरिकेत आणि हाँगकाँगमध्ये बनायच्या. मलेशिया पुष्कळ नंतरचा. शिवाय १९७७ पर्यंत या गाड्यांच्या टायरवर लाल रेघ असायची, संग्राहक त्यांना 'रेडलाइन' म्हणतात. भाच्याच्या गाडीची चाकं कोरी काळी. तो १९९४ चा, आणि माझ्या अंदाजाने गाडीही फार तर त्याच्याच वयाची.

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पण पेपरात आलं होतं." याला मी काय उत्तर देणार?

स्टॉलवाल्याने पैसे परत केले नाहीत. त्याचं म्हणणं असं की त्याने तोंडाने १९६९ हा आकडा उच्चारलाच नव्हता, गिऱ्हाइकाने स्वतःच वाचला. तेही खरंच आहे म्हणा.

तळ वाचायचाच असेल तर वाचण्यासारखं तिथे बरंच असतं. २००८ पासून हॉट व्हील्सच्या तळावर एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे असा बारीक शिक्का येतो. अक्षर वर्षाचं, आकडे आठवड्याचे. ए म्हणजे २००८, बी म्हणजे २००९, असं पुढे. आय गाळलेला आहे, कारण तो एकासारखा दिसतो. त्यामुळे एच २०१५ आणि जे २०१६. मॅचबॉक्सच्या तळावर 'लेस्नी' आणि 'इंग्लंड' असेल तर ती साधारण १९८२ पर्यंतची, कारण त्या साली लंडनची ती कंपनी बुडाली आणि पुढे उत्पादन मकाऊ, चीन, थायलंड असं फिरत गेलं. आणि 'इंडिया' असलेल्या लिओ मॅटेलच्या हॉट व्हील्स कुणाच्या माळ्यावर पडल्या असतील तर त्या भंगारात घालू नका. इथे त्यांना जे रंग मारले गेले ते बाहेर कुठे मारले गेले नाहीत, म्हणून परदेशातले लोक त्या शोधत असतात.

दुसरी खूण रिवेटची. गाडीच्या टपाला आतून दोन खांब ओतलेले असतात, ते तळातून बाहेर येतात आणि त्यांची डोकी दाबून पसरवलेली असतात. मूळ डोकं गुळगुळीत, छत्रीसारखं. गाडी उघडून पुन्हा रंगवायची तर ते ड्रिलने उडवावं लागतं, आणि नंतर तिथे स्क्रू दिसतो किंवा वाळलेला गोंद. रंग कितीही फर्मास असो, तळाला स्क्रू दिसला की ती गाडी कुणीतरी उघडली आहे.

लेखात 'कोणती कंपनी सरस' याचाही एका ओळीत निकाल लावला होता. हे मात्र एका ओळीचं काम नाही. मी चार बीटल घेऊन बसलो. फोक्सवॅगनची ही गाडी सगळ्यांनीच बनवली आहे, म्हणून तुलनेला सोयीची. हॉट व्हील्स, मॅचबॉक्स, फ्रान्सची माजोरेट, जपानची टोमिका. खऱ्या बीटलच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २,४०० मिलिमीटर. १:६४ या प्रमाणात, म्हणजे खऱ्याच्या चौसष्टाव्या भागाएवढ्या गाडीत, ते साडेसदतीस यायला हवं. व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं हत्यार, लावला तर चार गाड्यांची चार मापं. कारण साधं आहे. गाडी पाकिटाच्या मापाने बनते. पाकीट एकच, मग त्यात बीटल घाला नाहीतर ट्रक. टोमिका आणि माजोरेट निदान प्रामाणिकपणे खरं प्रमाण तळावरच कोरतात. टोमिकाची बस उलटी केलीत तर प्रमाण शंभराच्या पुढे गेलेलं दिसेल. शेजारी त्याच कंपनीची मोटार ठेवली तर ती बसपेक्षा तालेवार वाटते.

बाकी ज्याचा त्याचा गुण. माजोरेट आणि टोमिका टपावर बोटाने दाबल्या की खाली बसतात आणि परत उठतात, स्प्रिंग असल्यासारख्या. माझ्या बोटांना ते फार आवडतं. हॉट व्हील्सला ते नाही, पण जेवायच्या पाटाच्या एका टोकाखाली दोन वह्या ठेवून चौघींना सोडलं तर ती पार दिवाणाखाली जाते. पातळ आस आणि कमी घासणारी चाकं ही तिची जन्मखूण. १९६९ मध्ये मॅचबॉक्सवाल्यांना याच चाकांच्या धसक्याने 'सुपरफास्ट' नावाने आपली चाकं बदलावी लागली होती. टोमिकाची ओतकामाची सफाई चारही गाड्यांत उजवी. दाराच्या रेघा रंगाने बुजलेल्या नाहीत, खिडकीच्या कडेला बर, म्हणजे धातूची बोचरी कंगोरी, नाही. हे माझं मत. भाचा मॅचबॉक्सच्या बाजूचा आहे आणि त्यावरून आमचं वाजलेलं आहे.

माझ्याकडची सगळ्यात आवडती गाडी मात्र या चौघींतली नाही. १९८८ साली पुण्याच्या जुन्या बाजारात नळाच्या तोट्या आणि बिजागऱ्यांच्या ढिगात ती सापडली. पंधरा रुपये दिले. मर्सिडीज २२० एसई, रंग निम्मा उडालेला, एक टायर नाही. उलटी केली तर तळावर 'निकी टॉइज' आणि त्या नावाच्या जागी पत्रा खरवडल्यासारखा. आधी काय होतं हे भिंगाखालीही धड लागेना, पण ते लिव्हरपूलच्या 'डिंकी'चं नाव होतं हे पुढे कळलं. डिंकी हे १९३४ पासूनचं नाव, मेकॅनो हे पट्ट्या-स्क्रू जोडायचं खेळणं बनवणाऱ्या फ्रँक हॉर्नबीच्या कारखान्यातलं. तिथल्या काही जुन्या डाय कलकत्त्याला आल्या आणि त्यांतूनच इथे निकी नावाने गाड्या निघाल्या. लिव्हरपूलचा कारखाना १९७९ मध्ये बंद झाला. कुणीतरी कलकत्त्यात बसून त्या डायवरचं परकं नाव छिन्नीने बुजवलं आणि आपलं कोरलं. ते काम ओबडधोबड आहे, माझ्या उस्तादाने असं काम माझ्या अंगावर फेकलं असतं. पण डायवर हात कुणाचा फिरला हे इतकं स्पष्ट मला दुसऱ्या कुठल्याच गाडीवर दिसलेलं नाही.

उस्तादाचा विषय निघाला म्हणून एक. आमच्याकडे जस्ताच्या भट्टीजवळ शिशाचा तुकडासुद्धा ठेवायला बंदी होती. नव्या पोरांना वाटायचं, म्हातारा तापट आहे. जस्ताच्या ओतकामात शिसं दर लाखाला पाच भागांच्या पुढे गेलं की धातू आतून कणाकणाने सुटायला लागतो; दमट हवेत फुगतो, चिरतो आणि वर्षांनंतर बोटात भुगा होतो. महायुद्धाआधीच्या डिंकीच्या कितीतरी गाड्या अशाच गेल्या. त्यांना कुणी आपटलं नव्हतं, त्या कपाटात ठेवल्याठेवल्या फुटल्या. तेव्हा जुनी गाडी घेताना अंगावर जाळीसारख्या चिरा किंवा फुगलेला तळ दिसला तर ती पाकिटात बंद असली काय आणि नसली काय, सारखंच.

यावरून लेखातल्या शेवटच्या सल्ल्याकडे येतो. पाकीट फोडू नका, किंमत जाते, असं लिहिलं होतं. जाते, कबूल. पण हॉट व्हील्सच्या पाकिटात गाडीचा तळ पुठ्ठ्याकडे तोंड करून असतो. म्हणजे बाहेर दिसतो तो रंग, आणि ज्यावर सगळं लिहिलंय ते पुठ्ठ्याला चिकटून. मग भरवसा पुठ्ठ्यावर ठेवायचा. मला ते जमत नाही. माझ्या घरात एकही बंद पाकीट नाही, आणि म्हणून विकायला गेलो तर माझ्या साऱ्या संग्रहाचे फार पैसे येणार नाहीत, हे सौ. मला अधूनमधून सांगत असते.

असो. साल आराखड्याचं असतं, गाडीचं नसतं, एवढी दुरुस्ती कृपया येत्या रविवारी छापावी. दोन ओळी पुरतील. भाच्याने पैसे परत मिळवायचा नाद सोडला आहे. त्याने त्या लाल गाडीच्या तळाला एक चिठ्ठी चिकटवली आहे आणि तिच्यावर निळ्या पेनाने लिहिलंय: 'मलेशिया. ३,२०० रुपये. मामाला आधी दाखवणे.'

आपला,
एक निवृत्त टूलमेकर,
चिंचवड