माझं कौतुक न केल्याबद्दल आभार

प्रिय काका,

सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, हे आता मला पाठ झालंय. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. तुमचं नाव घालत नाही, तेवढा तुमचा संकोच जपते. तुम्ही कोण ते वाचणाऱ्यांना कळलं नाही तरी बिघडत नाही. तुम्ही काय केलंत ते मात्र कळायला हवं.

वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. आई-वडील थकलेत, त्यामुळे त्याचं सगळं माझ्याकडे. औषधं, डॉक्टरांच्या फेऱ्या, रात्रीचं जागरण, सकाळी त्याला उठवणं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला उत्तरं देणं. या कामाला पगार नाही, रजा नाही, आणि मुळात हे काम आहे असंही कुणी धरत नाही. बहीण आहे, करणारच! काका दर गुरुवारी दुपारी आमच्याकडे येतात आणि मी बाहेर जाते. बस, एवढंच.

काका, पहिले आभार मानायचे आहेत ते तुम्ही एकदाही माझं कौतुक केलं नाहीत म्हणून. "धन्य आहेस बाई", "तू आहेस म्हणून चाललंय", "आमच्याच्यानं झालं नसतं", ही वाक्यं मी इतकी ऐकलीत की समोरचा तोंड उघडायच्या आधी ओळखते. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण ते वाक्य बोलून तो मोकळा होतो आणि मी आणखी अडकते. मखरात बसवलेल्या बाईला "मला वैताग आलाय" असं म्हणायची सोय उरत नाही. आणि "काही लागलं तर हक्काने सांग" हे तर सगळ्यात अवघड. काय लागेल ते ठरवायचं मी, कुणाला सांगायचं ते निवडायचं मी, समोरच्याला जमेल का याचा अंदाज घ्यायचा मी, आणि नकार आला तर तोही पचवायचा मीच.

तुम्ही आजारी माणसांच्या घरच्यांच्या स्वमदत गटाची सभा संपल्यावर खुर्च्या उचलता उचलता मला विचारलंत, "रात्री सलग किती तास झोप होते?" मी काहीतरी गुळमुळीत बोलले. तुम्ही म्हणालात, "गुरुवारी तीन ते सहा मी रिकामा असतो. घरी येऊन बसेन. पण आधी त्याला विचार. तो नको म्हणाला तर नको." वार ठरलेला, वेळ ठरलेली, आणि परवानगी ज्याची घ्यायची त्याची. अशी मदत मला तोवर कुणी देऊ केली नव्हती. भावाने अट घातली, की त्याच्यावर बोलायची सक्ती करायची नाही. तुम्हाला ती फारच सोयीची वाटली. तुम्ही बुद्धिबळाचा पट घेऊन आलात आणि पहिले काही गुरुवार एकटेच दोन्ही बाजूंनी खेळत बसलात. एक दिवस तो पलीकडून म्हणाला, "उंट चुकला." तिथून पुढे काळी मोहरी त्याची झाली.

त्या काळात मी घरातच असायचे, स्वयंपाकघरात. मग कोपऱ्यापर्यंत जाऊन परत. मग तासभर. ही सवय दोघांनाही हळूहळूच लावावी लागते हे तुम्हाला ठाऊक होतं. मला बाहेर ढकलायची घाई तुम्ही केली नाहीत. नियम मात्र कडक. बँकेचं काम करायचं नाही, औषधं आणायची नाहीत, बिलं भरायची नाहीत. मी बरेच दिवस लांबवलेली दाढ दाखवून आले, तर तुम्ही म्हणालात, "ही दुरुस्ती झाली. सुट्टी नव्हे. पुढच्या गुरुवारी बघू." नंतर मी वाचनालयात जायला लागले. वाचत काही नव्हते. मासिक उघडं ठेवून तीन तास कुणाच्या पावलांचा कानोसा न घेता बसायचे. सतत कान टवकारून राहिल्याने माणूस किती थकतो ते कान सैल सोडल्यावरच कळलं.

तरी मनाला टोचणी होतीच. त्याला सोडून मी मजेत बसलेय. तेव्हा तुम्ही मला जुना इतिहास सांगितलात. एरवी तो मला कुणी सांगितला नसता. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइशमन या मनोविश्लेषक बाईंनी स्किझोफ्रेनिया घडवणारी आई अशी कल्पना मांडली आणि पुढची कितीतरी वर्षं आयांनी त्याची शिक्षा भोगली. मूल आजारी, वर ठपकाही तिच्यावर. या कल्पनेला पुढे कुठलाच पुरावा सापडला नाही. मग जॉर्ज ब्राउन हे समाजशास्त्रज्ञ लंडनमध्ये मनोरुग्णालयांतून घरी सोडलेल्या माणसांचा माग काढत होते. १९५८ च्या त्यांच्या अभ्यासात दिसलं, की आई-वडिलांकडे किंवा बायकोकडे परतलेले लोक भाड्याच्या खोलीत किंवा भावंडांकडे राहिलेल्यांपेक्षा जास्त प्रमाणात पुन्हा दाखल होतात. "भावंडांकडे" या शब्दावर तुम्ही बोट ठेवलंत आणि मिशीत हसलात. इतक्या दिवसांत मला हसू आलेलं ते पहिलंच संशोधन.

पुढचा भाग जास्त कामाचा. ब्राउन, बर्ली आणि विंग यांनी १९७२ मध्ये दाखवलं, की घरात सतत टीका, चीड किंवा टोकाची काळजी असेल तर नऊ महिन्यांत आजार उलटण्याचं प्रमाण ५८ टक्के होतं. तसं वातावरण नसलेल्या घरांत १६ टक्के. १९७६ मध्ये वॉन आणि लेफ यांनी आणखी एक धागा पकडला. अशा ताणलेल्या घरांतही, माणसं आठवड्याला ३५ तासांपेक्षा कमी वेळ समोरासमोर असतील तर धोका बराच खाली येत होता, ६९ टक्क्यांवरून २८ टक्क्यांवर. अभ्यास लहान होते, लोक शंभर-सव्वाशेच होते, पण नंतर अनेक देशांत साधारण हेच चित्र दिसलं. ही आकडेवारी घरच्यांना झोडपायलाही वापरली गेली. तुम्ही ती उलटी वाचलीत. आजार आधी येतो, घर थकतं, थकलेलं घर चिडतं, आणि चिडीचा भार पुन्हा आजारी माणसावर पडतो. यातली हाताने सोडवता येईल अशी गाठ कुठली? थकवा. "तू बाहेर गेलीस की त्यालाही तुझ्यापासून सुट्टी मिळते," असं तुम्ही म्हणालात. हे वाक्य दुसऱ्या कुणी बोललं असतं तर मला झोंबलं असतं. पुढच्या गुरुवारी मी टोचणीशिवाय चप्पल घातली.

तुम्ही आयुष्यभर हिशेब तपासलेत, ते तुमच्या मदतीतही दिसतं. वही आणलीत आणि रकाने पाडून दिलेत: झोप, जेवण, औषध, बोलणं, आणि शेवटचा रकाना "पोट". त्या रकान्यावरून मी तुमची चेष्टा केली होती. मग तुम्ही समजावलंत, की भाऊ त्याच्या आजारावर क्लोझापिन नावाची जी गोळी घेतो तिच्यासाठीच्या रक्ताच्या चाचण्यांची आठवण सगळे ठेवतात, अनेक देशांत पहिले १८ आठवडे ती दर आठवड्याला होते. पण तिच्यामुळे होणारी बद्धकोष्ठता जिवावर बेतू शकते आणि ती विचारायला सगळ्यांना संकोच वाटतो. आता "पोट साफ झालं का?" हा आमच्या घरातला अत्यंत आदराचा प्रश्न आहे. सिगारेट एकदम सोडली तर याच गोळीची रक्तातली पातळी वाढते आणि डॉक्टरांना आधी कळवायचं असतं, हेही तुमच्याकडूनच कळलं. भावाने सिगारेट सोडायचं मनावर घेतलं तेव्हा ते अगदी वेळेवर उपयोगी पडलं.

वहीतला झोपेचा रकाना तर आमचा पहारेकरी झाला. त्याचा आजार उलटायच्या आधी त्याला एकट्यालाच ऐकू येणारे आवाज वाढत नाहीत, आधी झोप तुटते, मग तो खिडकीचे पडदे ओढून घेतो, मग माझ्या ताटात वाढलेलं तपासून बघतो. हा क्रम प्रत्येकाचा वेगळा असतो, पण बहुतेकांचा असतो. तो कागदावर उतरल्यावर आम्हाला डॉक्टरांकडे जायला निकडीची वाट बघावी लागली नाही.

डॉक्टरांवरून आठवलं. एका दवाखान्यात मला सांगितलं होतं, की पेशंट सज्ञान आहे, त्याच्याबद्दल तुमच्याशी बोलता येणार नाही. मी रडकुंडीला येऊन तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, त्यांना सांगायला बंधन आहे, ऐकायला नाही. भेटीच्या आदल्या दिवशी एक पान लिहायचं: काय बदललं, केव्हापासून, कुठली गोळी चुकली, घरात कशाची भीती आहे. ते पान त्याला दाखवायचं आणि मग डॉक्टरांना द्यायचं. भावाने वाचून एक ओळ खोडली, एक वाढवली आणि स्वतःच नेऊन दिलं. पुढे त्यानेच लिहून दिलं की माझ्याबाबत बहिणीशी बोलावं. मला वाटतं, गोपनीयतेच्या नावाखाली घरच्यांना दाराबाहेर ठेवणारे बरेच लोक नियम पाळत नसतात, वेळ वाचवत असतात. हे माझं मत. तुम्ही इतकं कडक बोलणार नाही.

त्याच्या आवाजांबद्दलही तुम्ही वाद घातला नाहीत आणि होकारही भरला नाहीत. तो म्हणाला, "वरचे लोक माझ्याबद्दल बोलतायत." तुम्ही पटावरून नजर न उचलता म्हणालात, "मला ऐकू येत नाहीये. पण तुला येतंय, म्हणजे त्रास होत असणार. खेळ थांबवू या का?" तो म्हणाला, "नको. तुमची चाल." आणि तो वाईट काळ आला, तो चार दिवस कुणाशी बोलला नाही, तेव्हा आम्ही सगळे ज्या प्रश्नाभोवती फिरत होतो तो तुम्ही सरळ विचारलात: "जीव द्यावासा वाटतोय का?" मी दारात गारठले. विचारल्याने ती कल्पना डोक्यात भरवली जात नाही, उलट बोलायला वाट मिळते, हे मला नंतर कळलं. त्याने होकारार्थी मान हलवली. त्याच संध्याकाळी आपण डॉक्टरांकडे होतो आणि घरातल्या गोळ्यांचा डबा तुमच्या कपाटात.

एक गोष्ट मी फक्त तुमच्याशी बोलू शकले. माझा भाऊ आहे, समोर बसलाय, आणि तरी मला त्याची आठवण येते. जो नकला करायचा, ज्याच्यामुळे घर दणाणायचं, तो. हे कुणाला सांगावं तर "अगं, आहे ना तो" असं उत्तर येतं. तुम्ही पॉलीन बॉस या अमेरिकन कुटुंबचिकित्सक बाईंबद्दल सांगितलंत. युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या घरच्यांबरोबर त्यांनी १९७० च्या दशकात काम सुरू केलं, आणि पुढे माणूस समोर असूनही पूर्वीसारखा नसतो तेव्हाचं दुःखही त्यात घेतलं. या दुःखाला तेरावा नाही, भेटायला येणारे नाहीत, संपण्याची तारीख नाही. मग तुम्ही काकूंबद्दल बोललात. त्यांच्या आजारपणातली ती सगळी वर्षं, आणि त्या गेल्यावर लोक "सुटलात" म्हणाले तेव्हा तुम्हाला काय वाटलं ते. त्याहून जास्त मी इथे लिहिणार नाही.

गटात आपण झारिट यांची प्रश्नावली भरली होती, शुभंकरांवरचा, म्हणजे आजारी माणसाची काळजी घेणाऱ्यांवरचा, भार मोजणारी, २२ प्रश्नांची. १९८० च्या सुमारास ती स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या घरच्यांसाठी तयार झाली. त्यात एक प्रश्न आहे, की ही जबाबदारी दुसऱ्या कुणावर सोपवावी असं तुम्हाला वाटतं का. मी पेन खाली ठेवलं. तुम्ही शेजारून म्हणालात, "छापलाय, म्हणजे पुष्कळांना वाटत असणार." मी "बऱ्याचदा" वर खूण केली.

आई-वडिलांचा "आमच्यानंतर याचं काय?" हा प्रश्न अजून घरात आहे. त्याचं पूर्ण उत्तर तुमच्याकडेही नाही, आणि असल्याचा आव तुम्ही कधी आणला नाहीत. पण भाऊ आता आठवड्यातून तीन दिवस एका छापखान्यात मुद्रितं तपासतो. तिथल्या मालकांना आजाराबद्दल काय सांगायचं आणि किती, हे तुम्ही दोघांनी मला वगळून ठरवलंत. मला आधी राग आला होता, मग बरं वाटलं.

आता कामाचं. पुढच्या महिन्यात तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, आणि तुम्ही "काही नाही, दोन दिवसांचं काम" असं म्हणत गटात सगळ्यांना टाळताय. आम्ही वार वाटून घेतलेत. दवाखान्यात सोबत मी. डोळ्यांत थेंब टाकायला सकाळी गटातले नव्याने आलेले ते जोडपं, ज्यांच्या मुलीजवळ मी शनिवारी बसते. संध्याकाळी माझा भाऊ. त्याने थेंबांच्या वेळांचा तक्ता केलाय, रकाने तुमच्यासारखेच पाडलेत. तुम्हाला विचारल्याशिवाय यायचं नाही हा तुमचाच नियम, म्हणून विचारतो आहोत: चालेल ना? रविवारपर्यंत कळवा. गुरुवारचा डाव तुमच्या घरी होईल, चाली तो मोठ्याने सांगेल.

तुमची,
गुरुवारी घरात नसलेली