रीडिंगखाली सही कोणाची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला मोबाइल आरोग्यसेवेच्या भवितव्यावरचा लेख वाचला. सोबतचा तो वर वर चढत गेलेला बाजारपेठेचा आलेख पाहून मला वॉर्डातले तापाचे तक्ते आठवले. तिथे रेघ अशी चढायला लागली की आम्ही डॉक्टरांना बोलवायला धावायचो!

मी ३१ वर्षे परिचारिका होते, त्यातली शेवटची नऊ परिसेविका म्हणून. दर चार तासांनी ताप, नाडी, श्वास. आकडा लिहायचा आणि शेवटच्या रकान्यात सही करायची. त्या सहीचा अर्थ इतकाच, की हा आकडा मी पाहिला आणि काही बिघडले असेल तर पुढचे पाऊल माझे. श्वास न मोजता सगळ्या खाटांपुढे १८ लिहून मोकळ्या होणाऱ्या मुली मी पकडल्या आहेत. खरे सांगायचे तर एका लांबलेल्या नाइट ड्युटीत मीही तसे लिहिले आहे. यंत्र असा आळस करत नाही, म्हणून यंत्रांशी माझे भांडण नाही.

आमच्या ह्यांना मधुमेह आहे, इन्शुलिन चालू आहे. वर्षभरापासून दंडावर साखर मोजणारा सेन्सर असतो. दर पाच मिनिटांनी एक, म्हणजे दिवसाला २८८ रीडिंग फोनवर येतात. वॉर्डात जे सहा वेळा लिहिताना हात दुखायचा, ते इथे आपोआप. लावल्यानंतर पहिल्याच महिन्यात कळले की पहाटे चारच्या सुमारास ह्यांची साखर खरोखरच घसरते. घामाने भिजून उठायचे, आणि आम्ही दोघेही ‘स्वप्न पडले असेल’ म्हणून सोडून द्यायचो. मी, एवढी वर्षे नर्स असून! डॉक्टरांनी रात्रीचा डोस कमी केला आणि ती पहाट मिटली.

पण एका रात्री २ वाजून ४० मिनिटांनी फोन ओरडायला लागला. साखर ५८. मी ग्लुकोजची गोळी हातात घेऊनच उठले. हे मात्र गाढ झोपेत, अंग कोरडे, हाक मारताच नीट बोलले. सवयीने बोटाला सुई टोचली, तर ग्लुकोमीटरवर ११४. ह्यांची कूस डावी होती आणि सेन्सरही डाव्या दंडावर. हा सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही, कातडीखाली पेशींच्या अवतीभवती असलेल्या द्रवातली मोजतो. त्यावर अंगाचा भार पडला की तिथला आकडा खोटाच खाली येतो. कूस बदलली, थोड्या वेळाने आकडा वर आला. मला हे जमले, कारण माझी उमर रुग्णांच्या उशाशी गेली. ज्या घरात असे कोणी नाही, तिथे त्या हाकेला कोण उठणार? अ‍ॅपमध्ये सहीचा रकाना नाही.

या क्षेत्राची वाढ किती होईल, हा हिशेब मी म्हणूनच पलीकडे कोण बसले आहे यावरून करते. केनियात एचआयव्हीच्या रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. साधे फोन, आठवड्याला एक एसएमएस: ‘माम्बो?’ म्हणजे ‘कसे काय?’ रुग्णाने ४८ तासांत ‘सावा’ (ठीक) किंवा ‘शिदा’ (अडचण) कळवायचे. ‘शिदा’ आले, किंवा काहीच आले नाही, की दवाखान्यातून फोन जायचा. औषधे नीट घेतो असे सांगणारे या गटात ६२ टक्के निघाले, एसएमएस न मिळालेल्या गटात ५० टक्के. एका शब्दाच्या निरोपाने! माझ्या मते खरे काम त्या उलट फोनने केले.

आता दुसरे टोक. मनगटी घड्याळातून नाडीची अनियमितता ओळखण्याचा अ‍ॅपलचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ४,१९,२९७ लोक होते. इशारा मिळाला तो २,१६१ जणांना. त्यांना व्हिडिओवरून डॉक्टर आणि घरपोच ईसीजीची पट्टी देण्याची सोय होती. तरी तपासता येतील अशा पट्ट्या परत आल्या ४५०, आणि त्यातल्या ३४ टक्के लोकांत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा विकार, सापडले. सापडले ही मोठी गोष्ट, कारण त्यातून पक्षाघात होतो. माझे लक्ष मात्र २,१६१ आणि ४५० यांच्या मधल्या माणसांकडे जाते. वॉर्डात इतके रुग्ण मधेच नजरेआड झाले असते तर मेट्रनने आमची हजेरी घेतली असती.

पैशांचाही प्रश्न आहेच. जर्मनीत २०२० पासून डॉक्टर चिठ्ठीवर अ‍ॅप लिहून देतात आणि विमा त्याचे पैसे भरतो. अमेरिकेत व्यसनमुक्तीसाठीच्या एका अ‍ॅपला २०१७ मध्ये औषध प्रशासनाची परवानगी मिळाली, पण ते काढणाऱ्या पेअर थेराप्युटिक्सने २०२३ च्या एप्रिलमध्ये दिवाळखोरी जाहीर केली. परवानगी मिळाली, बिल भरणारे पुरेसे मिळाले नाहीत. वाढीच्या आलेखात हे दिसत नाही.

जाता जाता: सुई न टोचता साखर सांगणारे घड्याळ घ्यावे का, असे मला वरचेवर विचारतात. अशा एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असे अमेरिकेच्या त्याच प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये बजावले होते. तेव्हा त्या आकड्यावर इन्शुलिनचा डोस ठरवणे जिवावर बेतू शकते.

आपल्या पुरवणीत पुढच्या वेळी एखाद्या अ‍ॅपची ओळख करून द्याल तेव्हा बनवणाऱ्यांना एवढे विचारा: रात्री अडीचचा इशारा नेमका कोणाच्या फोनवर जातो, आणि त्या माणसाला त्या वेळी जागे राहण्याचा पगार मिळतो का?

ह्यांच्या अ‍ॅपमध्ये शेरा लिहायला एक छोटी चौकट आहे. त्या रात्री मी तिथे लिहिले, ‘२.४०, डाव्या कुशीवर झोपलेले, बोटाचे रक्त ११४’, आणि जुन्या सवयीने खाली आद्याक्षरे टाकली. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी महिन्याचा आलेख अंगठ्याने भराभर सरकवला. चौकट उघडली नाही.

आपली,
एक निवृत्त परिसेविका