चाल डिलनच्याही आधीची

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

चार्ल्स लॉइड या जॅझ सॅक्सोफोनवादकाने वाजवलेल्या बॉब डिलन या अमेरिकी गीतकार-गायकाच्या ‘मास्टर्स ऑफ वॉर’ या गाण्यावरचा लेख रविवारच्या पुरवणीत वाचला. मराठी दैनिकात या विषयाला अर्धं पान मिळालं, याचा आधी आनंदच झाला. लेखाचा निष्कर्ष मात्र पटला नाही. डिलन म्हणजे शब्द, चाल नावापुरती. तेव्हा शब्द गाळून त्याचं गाणं वाजवणं म्हणजे पुरण काढून पोळी वाढणं, असं लेखकाचं म्हणणं आहे. उपमा चटकदार आहे, पण गाणं चुकीचं निवडलंय.

त्याआधी एक दुरुस्ती. लेखात म्हटलंय तशी जॅझवाल्यांनी डिलनला हात लावायची ही ‘पहिलीच वेळ’ नव्हे. १९६५ सालीच ‘डिलन जॅझ’ नावाची अख्खी तबकडी निघाली होती. सॅक्सोफोनवर जिम हॉर्न, गिटारवर ग्लेन कॅम्पबेल. १९६८ साली कीथ जॅरेटने ‘माय बॅक पेजेस’ पियानोवर वाजवलं, आणि हा जॅरेट त्या काळात लॉइड यांच्याच चौकडीत होता. १९९८ मध्ये जोशुआ रेडमनने सॅक्सोफोनवर ‘द टाइम्स दे आर अ-चेंजिन’ घेतलं. क्लॅरिनेट वाजवणाऱ्या मायकेल मूरच्या त्रिकुटाने तर डिलनची गाणी हाच आपला संसार मानला. त्रिकुटाचं नावसुद्धा त्यांनी डिलनच्या एका ओळीतून उचललं.

आता मूळ मुद्दा. लॉइड यांच्या २०१६ च्या ‘आय लाँग टू सी यू’ या अल्बमची सुरुवात ‘मास्टर्स ऑफ वॉर’ने होते. शस्त्रं बनवून घरी सुरक्षित बसणाऱ्यांवर डिलनने १९६३ साली केलेला हा हल्ला. शब्द जळजळीत आहेत, वाद नाही. पण चाल डिलनची नाहीच! ती ‘नॉटमन टाउन’ या जुन्या इंग्रजी लोकगीताची आहे आणि जीन रिची यांच्या घराण्याने ती अमेरिकेत केंटकीच्या डोंगराळ भागात जपली होती. म्हणजे लॉइड यांनी गाण्यातलं काही हिरावून घेतलेलं नाही. डिलनच्या आधी जी चाल वेगळेच शब्द घेऊन फिरत होती, ती त्यांनी पुन्हा मोकळी केली, इतकंच.

शिवाय ही चाल फार हलत नाही. कोमल गंधार आणि कोमल निषादाच्या वळणाची, जवळजवळ एकाच स्वरसंगतीवर (कॉर्डवर) उभी. एकतारीवर म्हणावी तशी आठ कडवी एकापाठोपाठ येतात. शब्दांच्या माणसाला हे तोकडं वाटेल. सॅक्सोफोनवाल्याला मात्र हीच जागा हवी असते. कॉर्ड भराभर बदलत नाहीत, त्यामुळे एकेका सुरापाशी थांबता येतं, तो वाकवता येतो, त्याच्याकडे परत येता येतं. ख्याल ऐकणाऱ्या मराठी कानाला हे समजावून सांगायला नको. मेम्फिसमध्ये वाढलेले लॉइड कोवळ्या वयात हाउलिन वुल्फ आणि बी. बी. किंग यांच्यासारख्या, ब्लूज हे कृष्णवर्णीय अमेरिकनांचं लोकसंगीत गाणाऱ्यांना साथ करत होते. त्यांना लोकसंगीत बाहेरून आणावं लागलेलं नाही.

आता थोडं स्वतःबद्दल. मी मराठी माध्यमातला. ऐंशीच्या दशकात वसतिगृहातल्या एका मित्राच्या कॅसेटवर डिलन पहिल्यांदा ऐकला. त्या नाकातल्या उच्चारांतला एक शब्द कळेल तर शपथ! कळत होता तो फक्त एका माणसाचा हेका: तीच चाल, तीच गिटार, न थांबता. अर्थ कळायला पुढे बरीच वर्षं गेली, कुणीतरी गाणी वहीत उतरवून दिली तेव्हा. म्हणजे शब्दांवाचून डिलन मला आधी भेटला आणि आवडलाही. लॉइड यांचं वादन ऐकताना तो कॅसेटवरचा हेका परत आला, फक्त यावेळी त्यात चीड कमी आणि थकवा जास्त होता. ध्वनिमुद्रणाच्या सुमारास लॉइड सत्तरी ओलांडून गेले होते. तरुण डिलनने दिलेले शाप या वयात कसे ऐकू येतात, ते त्या सॅक्सोफोनमध्ये आहे.

माझ्या म्हणण्यात एक फट आहे, ती मीच दाखवतो. पुढे लॉइड यांनी हेच गाणं गायिका ल्युसिंडा विल्यम्स यांना घेऊन पुन्हा केलं, शब्दांसकट. म्हणजे त्यांनाही शब्दांची गरज भासली असावी. आणि डिलनची सगळीच गाणी अशी वाजवता येतील असं मी म्हणणार नाही. ज्या लांबलचक गाण्यांत पात्रांची रांग आणि चेष्टामस्करी आहे, ती वाद्यावर घेतली तर उरेल फक्त फिरून फिरून येणारं ध्रुवपद. तिथे लेखकाची पुरणपोळी मला मान्य आहे.

एक गोष्ट मात्र राहून गेल्याची खंत वाटते. लॉइड यांचं नाव मुंबईकरांना परकं नसावं. आपल्या माहीमच्या झाकीरभाईंसोबत त्यांनी २००४ साली सँटा बार्बरात मैफल केली. ती ‘संगम’ नावाने २००६ मध्ये निघाली. ड्रमवर एरिक हार्लंड होता, आणि तोच डिलनच्या गाण्यातही आहे. तबल्याशेजारी बसलेला हा ड्रमवाला डिलनकडे वळल्यावर किती कमी वाजवतो, ते एकदा दोन्ही लागोपाठ लावून ऐकावं.

लेखासोबतच्या चौकटीत साथीचे गिटारवादक बिल फ्रिझेल यांचं नाव आहे, पण पेडल स्टील गिटार वाजवणाऱ्या ग्रेग लीझ यांचं नाही. पुढच्या रविवारी तेवढं छापता आलं तर बघावं.

आपला,
एक जुना वाचक, ठाणे