रस्ता डावीकडचाच, पण भरवसा नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उन्हाळी सुटीत मुला-लेकीकडे इंग्लंडला जाणाऱ्या सोलापूरकरांना एक सल्ला हमखास मिळतो : ‘तिथेही डावीकडूनच चालवायचे, गाडी भाड्याने घ्या आणि फिरा.’ मोटरवेपुरते हे ठीक आहे. लेक डिस्ट्रिक्ट, यॉर्कशायर, डेव्हन, कॉर्नवॉलच्या खेड्यांत मात्र रस्ता ओळखीचा वाटतो म्हणूनच चुका होतात. त्याबद्दल कोणी नीट सांगत नाही, म्हणून हे पत्र.

आधी कागदपत्रे. आपले पक्के लायसन्स मुदतीत असेल तर पाहुण्याला त्यावर १२ महिन्यांपर्यंत मोटार चालवता येते. आंतरराष्ट्रीय परवाना कायद्याने लागत नाही, पण भाड्याने गाडी देणाऱ्या काही कंपन्या तो मागतात. आरटीओत फॉर्म ४-ए भरून १००० रुपयांत तो मिळतो. क्रेडिट कार्ड मात्र चालवणाऱ्याच्याच नावाचे हवे.

आता रस्ता. खेड्यातली वाट अनेकदा एकच गाडी मावेल एवढी असते. दोन्ही बाजूंना दाट झाडोऱ्याचे उंच बांध, नाहीतर दगडी गडगे. वळणापलीकडचे काही दिसत नाही. तरीही पाटी असते पांढऱ्या गोलावर काळ्या तिरक्या पट्टीची. साध्या दुपदरी किंवा एकपदरी रस्त्यावर तिचा अर्थ ताशी ६० मैल, म्हणजे सुमारे ९७ किलोमीटर. ती कमाल मर्यादा आहे. तेवढा वेग गाठायलाच हवा असे नाही. अशा वाटेवर २०-३० मैलही पुष्कळ होतात. वेग इतकाच ठेवावा, की जेवढा रस्ता दिसतो त्याच्या निम्म्यात गाडी थांबली पाहिजे, कारण समोरच्यालाही थांबायला तेवढीच जागा लागते.

समोरून गाडी आली तर ‘पासिंग प्लेस’, म्हणजे दोन गाड्या एकमेकींजवळून जाव्यात म्हणून वाटेत रुंद केलेली जागा, पाहायची. ती डावीकडे असेल तर आत शिरून थांबायचे. उजवीकडे असेल तर आपण तिच्यासमोर डावीकडेच थांबायचे आणि समोरच्याला तिच्यातून जाऊ द्यायचे. घाईत उजवीकडे गाडी घालू नये. चढ चढून येणाऱ्याला शक्यतो आधी वाट द्यावी. जागा कोणाच्याच पुढ्यात नसेल तर जो तिच्या जवळ असतो तो मागे जातो, असा रिवाज आहे. म्हणून लांब अंतर सरळ रिव्हर्स घेता आला पाहिजे. कडेच्या गवतावर चाक उतरवणे टाळावे. गवताखाली चर किंवा दगड असतो, टायर बाजूने फाटतो, आणि मूळ विम्यात टायर व चाके बहुधा धरलेली नसतात.

सगळ्यात धोक्याचा आहे डिपर. अक्कलकोट रोडवर अरुंद पुलाजवळ समोरच्याने डिपर मारला तर आपण समजतो, ‘मी येतोय, थांब.’ तिथे लोक साधारणपणे डिपर देतात तो ‘तुम्ही या’ म्हणून. ‘हायवे कोड’ या तिथल्या वाहतूक नियमांच्या पुस्तिकेनुसार त्याचा अर्थ फक्त ‘मी इथे आहे’ एवढाच. त्यामुळे समोरच्याला थांबवायला डिपर दिला तर तो उलट पुढे येतो आणि दोघे वाटेतच अडकतात. डिपर देऊच नये. दुसऱ्याने दिला तरी गाडी खरोखर थांबली आहे हे पाहूनच निघावे.

गोल चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावे. आपण थांबू या खात्रीने तो वेग कमी करत नाही. घोडेस्वार दिसला तर ताशी १० मैलांहून कमी वेगाने, किमान दोन मीटर अंतर राखून पुढे जावे. हॉर्न नको, इंजिनचा आवाजही वाढवू नये.

पार्किंगमध्ये तर पैसेच जातात. रस्त्याच्या कडेला दुहेरी पिवळी रेषा म्हणजे तिथे कधीच गाडी लावायची नाही. एकेरी असेल तर जवळच्या फलकावरच्या वेळा वाचाव्यात. शेताचे फाटक कितीही बंद दिसले तरी त्यासमोर गाडी लावू नये, ट्रॅक्टर केव्हाही येतो. फोटोसाठी पासिंग प्लेसमध्ये गाडी उभी करून उतरणे तर अगदीच वाईट, मागच्या साऱ्यांची वाट अडते.

तिकिटाच्या मशीनला गाडीचा नंबर द्यावा लागतो तेव्हा ‘ओ’ आणि शून्यात गल्लत होते. तिथल्या नेहमीच्या नव्या पद्धतीच्या नंबरात आधी दोन अक्षरे, मग दोन अंक, मग तीन अक्षरे असतात. म्हणजे तिसरी-चौथी जागाच अंकांची. कागदी तिकीट काचेखाली ठेवल्यावर दार लावून बाहेरून एकदा वाचावे, दाराच्या झोताने ते उलटते. कॅमेरा असलेल्या जागेत वेळ तिकीट काढल्यापासून नव्हे, आत शिरल्यापासून मोजली जाऊ शकते. दऱ्याखोऱ्यांत मोबाइलला रेंज नसते आणि पार्किंगचे ॲप उघडत नाही, म्हणून ते घरीच डाउनलोड करावे आणि जवळ पौंडाची नाणीही ठेवावीत.

कौन्सिलचा, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेचा, दंड साधारणपणे १४ दिवसांत भरला तर निम्मा होतो. पण भाड्याच्या गाडीची नोटीस आधी कंपनीकडे जाते आणि कंपनी स्वतःचे शुल्क वेगळे लावते. कार्डावर रक्कम पडते तोवर माणूस सोलापुरात परतलेला असतो. खासगी जागेच्या मालकाची नोटीसही दिसायला तशीच असते, तेव्हा ती कोणी पाठवली हे पैसे भरण्याआधी पाहावे.

आरटीओने आंतरराष्ट्रीय परवान्यासोबत यातल्या पाट्या, रेषा आणि पासिंग प्लेसची चित्रे असलेले एक पानी मराठी पत्रक द्यावे, अशी विनंती आहे. आणि शहरातल्या ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनी परदेशी जाणाऱ्यांकडून एखाद्या अरुंद शेतवाटेवर शंभर मीटर रिव्हर्सचा सराव करून घ्यावा. त्याला तासभरही लागत नाही.

आपला,
एक वाचक, जुळे सोलापूर