हे दुखणं खिडकीत ओरडून सांगायचं नाही

संपादक महाशय, सप्रेम नमस्कार.

वेंगुर्ल्यात माझं मेडिकलचं दुकान आहे. काजूचा सीझन चालू झाला की एक ठराविक गिऱ्हाईक येतं, दुकानात दुसरं कोणी नसेल तेव्हाच, आधी डोकेदुखीची गोळी मागणार, मग पैसे देता देता हळूच, "जळजळीचा काय मलम आसा काय ओ?" कुठे जळजळ ते सांगत नाहीत, पण आता मला कळतं. कच्च्या काजूबीच्या टरफलातलं तेल कातडी भाजून काढतं हे इथे पोराटोरांना पण माहितीये, पण तेच हात घेऊन माणूस बागेतच लघवीला बसतो किंवा उभा राहतो. बोटांची कातडी राठ म्हणून बोटांना काही होत नाही आणि तिकडे, गुप्तांगाला, फोड येतात. बायकांचं पण तेच, फक्त त्या दुकानात येत नाहीत, घरच्या पुरुषाला पाठवतात आणि त्याला पण धड काय झालंय ते माहीत नसतं. म्हणून हात लघवीच्या आधी धुवायचे, साबणाने, नुसत्या पाण्याने ते तेल जात नाही. लागलंच तर लगेच साध्या साबणाने हलक्या हाताने आणि मग भरपूर पाण्याने धुवा, फोड फोडू नका, सूज वाढली किंवा लघवीला त्रास व्हायला लागला तर डॉक्टर. मिरच्या हाताळल्यावर पण हाच नियम.

बाकी वर्षभर चालू असतं ते म्हणजे रेझरने कापणं, पँटच्या चेनमध्ये कातडी अडकणं, संबंधांच्या वेळी कातडीला चीर जाणं, आणि पावसाळ्यात चार दिवस न वाळलेली चड्डी घालून जांघा सोलवटणं. यातलं बहुतेक घरी बरं होतं. रक्त येत असेल तर स्वच्छ कपड्याने दहा मिनिटं सलग दाबून धरायचं, दर मिनिटाला उघडून बघायचं नाही (सगळे हेच करतात). मग साध्या पाण्याने धुवायचं, टिपून कोरडं करायचं, साधी पेट्रोलियम जेली लावायची, सैल सुती कपडे घालायचे आणि पूर्ण भरून येईपर्यंत संबंध बंद. लघवी करताना झोंबत असेल तर वरून कोमट पाणी ओतत करा, बराच फरक पडतो. हळद, चुना, स्पिरिट, टूथपेस्ट, न पातळ केलेलं अँटिसेप्टिक यातलं काहीही तिथे नको. गंजलेल्या चेनने किंवा तारेने कापलं असेल आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षांवर झाली असतील तर ते घ्या. चेनमध्ये कातडी अडकली तर हिसका मारू नका, थोडं खोबरेल सोडून बघा, नाही सुटलं तर तसंच दवाखान्यात जा, चेनची मधली पट्टी कापली की दोन्ही बाजू आपोआप सुटतात.

आता माझ्याच धंद्याबद्दल. ज्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक सगळं एकत्र असतं ती लोकांना फार आवडते कारण दोन दिवसात खाज थांबते. पण आतली बुरशी तशीच राहते, पसरते, आणि तिथली कातडी पातळ होऊन आणखी फाटायला लागते. २०१८ मध्ये सरकारने स्टेरॉइडची मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, तरी ती मिळतात हे तुम्हाला पण माहितीये. मी नाही म्हटलं की लोक पुढच्या दुकानात जातात.

पुरुषाच्या लिंगाच्या पुढच्या कातडीला सारख्या सारख्या चिरा पडत असतील, लाल होऊन पांढरं साचत असेल तर मलमाच्या आधी रक्तातली साखर तपासा, कित्येकांना डायबेटिस आहे हे तिथूनच कळतं. पाळी गेलेल्या बाईला खाज, पांढरे चट्टे आणि चिरा असतील तर ते नुसत्या वयामुळे म्हणून सोडू नका, त्यावर औषध आहे. न दुखणारा व्रण आपोआप भरला तरी तो सिफिलिस असू शकतो, रोग आत चालूच राहतो.

आणि आता सांगतो त्यातलं काहीही झालं तर सकाळपर्यंत पण थांबायचं नाही. मागे ओढलेली कातडी पुढे येईना आणि टोक सुजलं. संबंधांच्या वेळी कट्ट आवाज येऊन लिंग सुजलं, काळंनिळं झालं. अंडकोषात अचानक जोराची कळ आली, तिथे सहा तासांत ऑपरेशन झालं तर अंडकोष वाचण्याची शक्यता जास्त. दाबूनही रक्त थांबत नाही, लघवी अडली किंवा लघवीतून रक्त आलं. डायबेटिसवाल्याच्या जांघेत दिसतंय त्याच्या मानाने वेदना भयंकर, ताप, घाण वास, कातडी काळी पडायला लागली. अशा वेळी रिक्षा शोधत बसू नका, १०८ ला फोन करा. सायकलच्या दांड्यावर पडलेल्या मुलीला सूज किंवा रक्तस्राव असेल तर तिला पण दाखवाच, आणि मूल कसं लागलं ते सांगत नसेल किंवा सांगितलेलं पटत नसेल तर गप्प बसू नका, मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ वर कळवा.

पत्र लिहायचं खरं कारण वेगळंच आहे. इथल्या एका सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवरच "काय होतंय?" असं मोठ्याने विचारतात, मागे गावातली रांग, त्यात कोणाची सासू, कोणाचा मास्तर. माणूस "ताप" म्हणतो, आत गेल्यावर पण तापच सांगतो आणि पॅरासिटामॉल घेऊन माझ्याकडे येतो! खिडकीवर फक्त नाव, वय आणि गाव विचारा, तक्रार डॉक्टरला आत सांगू द्या, याला एक पैसा लागत नाही. सरकारी जिल्हा रुग्णालयांत गुप्तरोगासाठी सुरक्षा क्लिनिक असतं, तिथे तपासणी आणि औषध फुकट मिळतं, १०९७ या सरकारी एड्स हेल्पलाइनवर फोन करून पण विचारता येतं, पण त्याची पाटी मी तालुक्यात कुठेच बघितलेली नाही. आरोग्य खात्याने ती एसटी स्टँडवर आणि मच्छी जेटीवर लावावी.

तोपर्यंत माझ्या काउंटरवर वही-पेन ठेवलंय, बोलायला नको वाटत असेल तर लिहून दाखवा, पान फाडून परत न्या.

आपला,
एक मेडिकलवाला, वेंगुर्ला
(नाव छापू नये ही विनंती)