भचाऊहून, आई-बाबांना

भचाऊ तालुका, कच्छ
4 मार्च 2001

तीर्थस्वरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

पोचल्याचा फोन केला तेव्हा मागे एवढा गलका होता की बाबांना निम्मं ऐकू आलं नसणार, म्हणून हे पत्र. मी बरी आहे. आपल्या लातूर-उस्मानाबादकडच्या बाया सोबत आहेत, एका तंबूत आठजणी झोपतो. खाण्याची आबाळ नाही. बाजरीच्या भाकरीला इथे रोटला म्हणतात, सोबत ताक.

पहिल्या दिवशी भूकंपात पडलेली गावं बघून पोटात गोळा आला. तसल्याच दगड-मातीच्या भिंती, तसाच ढिगारा. त्र्याण्णवच्या भूकंपात आपल्याकडे किल्लारीला गणपती बोळवून गाव झोपलं होतं, पहाटेचे 3:56. इथे 26 जानेवारी, सकाळचे 8:46. अंजारात झेंड्याच्या फेरीतली पोरं अरुंद गल्लीत सापडली. त्यावर जास्त लिहीत नाही. आई, तू वाचशील आणि रात्रभर जागशील. बाबांना मात्र एक सांगते. काही गावांत गोल भुंगे आहेत, म्हणजे इथल्या झोपड्या, मातीच्या भिंती आणि वर गवताचं टोपरं, आपल्या कणगीसारखे. आजूबाजूची चौकोनी घरं भुईसपाट आणि हे बरेचसे जागच्या जागी उभे.

सडकेच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीग पडलेत. ट्रक येतात, रस्त्यावरच रिकामे होतात आणि जातात. आतल्या गावांपर्यंत कोण जाणार? इथल्या बाया स्वतः भरतकाम केलेले घागरे-ओढण्या नेसणाऱ्या, त्या दुसऱ्याच्या उतरलेल्या कपड्यांना हात लावत नाहीत. एका ढिगावर शेळी बसली होती, तिच्याखाली कुणाचा तरी लग्नातला कोट. मला आपल्या पत्र्याच्या शेडातलं गाठोडं आठवलं. शर्ट चांगले इस्त्रीचे, पण बटणं तेवढी काढून घेतलेली! तू म्हणाली होतीस, "देणाऱ्याला बटण जड झालं वाटतं." तेव्हा आजीला जाऊन महिनाही झाला नव्हता, तरी आपण हसलो होतो.

बाबा, तुम्ही भांड्यांच्या रांगेत दोनदा जाऊन दोन्ही वेळा हात हलवत परत आलात. घरात तवा नव्हता आणि मला तुमचा भयंकर राग आला होता. शेवटी आई गेली. परवा इथे एका ट्रकवरून पोरं घोंगड्या फेकत होती, खाली झोंबाझोंबी. एक म्हातारबाबा सगळ्यांकडे पाठ करून बिडी पेटवत बसले होते. खांदे थेट तुमच्यासारखे. पोरांना म्हटलं, खाली उतरा, घरोघर नेऊन द्या. तर म्हणे आधी फोटो होऊ द्या.

आम्ही काही वाटत नाही, नुसतं घरी जाऊन बसतो. भाषेची बोंबच आहे, अर्धं हिंदी, अर्धं हातवारे. आम्ही किल्लारीच्या, आमचंही असंच झालं होतं, एवढं कळलं की बाया जवळ सरकतात. काय हवंय विचारलं तर पहिल्या दिवशी रकाबीत चहा मिळतो, बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी हळूच सांगतात. अंघोळीला आडोसा नाही. बाळंतिणीला निजायला जागा नाही. एका गावात तर भरतकामाचा दोरा मागितला, रंगासकट सांगून. हाताला काम असलं की डोकं ठिकाणावर राहतं, असं त्यांतली एक म्हणाली. ट्रकात दोरा कोण भरणार?

आई, गटातल्या बायांना सांग, कपडे गोळा करू नका. जमेल तेवढ्या पैशांचा ड्राफ्ट काढा, दोरा आणि आडोशाचं कापड आम्ही इथेच घेऊ. बाळूला माझ्या नावानं रडू देऊ नको. खोकला असेल तर ताक बंद कर.

आणि बाबा, एक काम तुमचं. आता इथे पत्र्याची शेडं उभी राहायला लागलीत आणि दुपारी आत बसवत नाही. चारशे फुटांचं घर मिळेपर्यंत तुम्ही आपल्या शेडावर उसाचं पाचट घातलं होतं. ते नुसतं पसरलं होतं की पेंढ्या बांधून? वाऱ्यानं उडू नये म्हणून तार कुठून कुठे ओढली होती? इथे ऊस नाही, वेडी बाभूळ मात्र रानभर आहे, तिच्या फांद्यांनी भागेल का? लिहिण्यापेक्षा चित्रच काढून पाठवा. इथल्या गवंड्यांना ते लगेच कळेल.

तुमची,
सुमन