गृहपाठ फळ्यावरच द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या शेजारच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास तिथल्या ग्रामस्थांनी संध्याकाळच्या भोंग्याची रीत सुरू केली. सातला देवळावरचा भोंगा झाला की टीव्ही बंद, मोबाइल बाजूला. साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत मुलांनी अभ्यास करायचा. करोनात शिकण्यासाठी हाती दिलेला फोन शाळा उघडल्यावरही सुटेना, म्हणून अख्ख्या गावाने मिळून हे ठरवले. मला त्या गावाचे फार कौतुक वाटते. पण असा भोंगा उद्या आमच्या विट्यात वाजला, तर माझ्या मुलांना अभ्यासच करता येणार नाही. कारण त्यांचा गृहपाठ त्याच वेळेला फोनवर येतो.

मी घरी शिवणकाम करते. यजमान केरळात गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करायच्या दुकानात आहेत. मुलगी आठवीत, मुलगा पाचवीत, सोबत सासूबाई. घरात स्मार्टफोन एकच. गिऱ्हाइकांचे ब्लाऊजच्या गळ्यांचे फोटो त्याच्यावर येतात, शिलाईचे पैसे त्याच्यावर येतात, रात्री यजमानांचा व्हिडिओ कॉलही त्याच्यावरच. आणि दोन्ही मुलांच्या वर्गाच्या ग्रुपवर दिवेलागणीनंतर कधीही काहीतरी येऊन पडते. कधी पीडीएफ, कधी फळ्याचा तिरका काढलेला फोटो, कधी यूट्यूबची लिंक. मुलगी बारीक अक्षरे मोठी करून वहीत उतरवते, तोवर धाकटा हात पुढे करून बसलेला असतो. त्याला लिंक लावून दिली की धड्याचा व्हिडिओ संपतो आणि पुढचा आपोआप सुरू होतो, तो धड्याचा नसतो. मशीनवर बसून मी कितीदा मान वळवून बघायचे?

आणि भांडण झाले की फोन कुणाला मिळतो? आमच्या गल्लीत तरी बहुतेक घरांत मुलालाच. ग्रामीण भागातल्या मुलांच्या शिक्षणाची २०२४ ची ‘असर’ पाहणी वर्तमानपत्रांत आली होती. १४ ते १६ वयाच्या ज्या मुलांना स्मार्टफोन वापरता येतो, त्यांतल्या मुलग्यांपैकी ३६.२ टक्के जणांकडे स्वतःचा फोन होता, मुलींमध्ये फक्त २६.९ टक्के जणींकडे. आदल्या आठवड्यात फोनवर अभ्यासाचे काही केले असे सांगणारे ५७ टक्के होते आणि समाजमाध्यमे पाहणारे ७६ टक्के. गृहपाठ फोनवर गेला की आधी मुलीच मागे राहणार, हे मी रोज घरात बघते आहे.

हेच तंत्र वर्गात बाईंच्या हातात असते तेव्हा गोष्ट वेगळी होते. बालभारतीच्या पुस्तकात क्यूआर कोड असतात. त्याची सुरुवात आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी केली, याचा मला अभिमान आहे. मुलीच्या वर्गात बाईंनी कोड स्कॅन करून हृदयाचा व्हिडिओ पडद्यावर लावला. झडपा उघडतात-मिटतात तिथे थांबवला आणि विचारले, रक्त उलटे का येत नाही? मग सगळ्यांना मनगटावर बोट ठेवून मिनिटभर ठोके मोजायला लावले. त्या संध्याकाळी पोरीने आजीचा हात सोडला नाही. आजीचे ठोके मोजले, माझे मोजले, भावाचे मोजले. झडप म्हणजे विहिरीवरच्या मोटरीचा फुटव्हॉल्व्ह, पाणी वर जाऊ देतो, मागे येऊ देत नाही, असे आजीला तिने समजावले आणि आजीला ते पटलेही. व्हिडिओ पाचच मिनिटांचा असेल. पण तो थांबवून प्रश्न विचारणारे माणूस तिथे होते.

फोनवरच्या गृहपाठात ते माणूस नसते. उत्तरे लिहून वहीचा फोटो ग्रुपवर टाकायचा, खाली अंगठा उमटतो, संपले. धाकट्याचा भागाकार चुकला होता, भाजकापेक्षा बाकीच मोठी राहिली होती. त्यालाही अंगठा मिळाला. वहीवर लाल पेन फिरला असता तर दुसऱ्या दिवशी त्याला फळ्यापाशी बोलावून चूक दाखवली गेली असती. आता तो म्हणतो, सरांनी बरोबर दिलंय.

निबंधाचीही तीच गत. ‘माझे गाव’ हा विषय आला. एका मुलाने फोनवरच्या एआयकडून लिहून घेतला आणि बाकीच्यांनी तो उतरवला. त्यात कौलारू घरे होती, आमराई होती, डोंगरातून झुळझुळ वाहणारी नदी होती. यंत्रमाग नव्हते, गलाईसाठी परमुलखात गेलेले बाप नव्हते, टेंभू सिंचन योजनेच्या पाण्याची वाट बघत काढलेले उन्हाळे नव्हते. आपल्या गावाबद्दल चार ओळी लिहिताना पोराने आजीला काही विचारले असते. ते राहूनच गेले.

यात शिक्षकांना दोष द्यायला मन होत नाही. ऑनलाइन हजेरी, पोषण आहाराची नोंद, यू-डायसवर शाळेची माहिती भरणे, मुलांचे अपार ओळखक्रमांक काढणे, वरून रोज नवी लिंक. वह्या तपासायचा वेळ तिथेच जातो. ती कामे शाळेसाठी वेगळा माणूस नेमून त्याच्याकडे द्यावीत.

जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाला आणि सर्वच शाळांच्या मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे. गृहपाठ शेवटच्या तासाला फळ्यावर लिहून मुलांच्या वहीत उतरवून घ्यावा. व्हिडिओ दाखवायचा तर वर्गात, सगळ्यांना मिळून दाखवावा. वर्गाचा ग्रुप सुट्टीच्या आणि सभेच्या निरोपापुरता ठेवावा. वही मात्र पेनानेच तपासावी. येत्या पालक सभेत मी हे मांडणार आहे. आमच्या गल्लीतल्या आयांनी अर्जावर सह्या द्यायची तयारी दाखवली आहे.

आपली,
एक पालक, विटा (जि. सांगली)